बरगे

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जा, दूध संस्थेच्या भिंतीवर एक मोठा कागद चिकटवलेला असतो. डावीकडे खाली उतरत जाणारे फॅटचे आकडे, वर आडवे एसएनएफचे (दुधातले फॅट सोडून उरलेले घन पदार्थ), आणि दोन्ही रेघा जिथे भेटतात त्या चौकटीत लिटरचा दर. कागदाच्या कडा पिवळ्या पडलेल्या असतात आणि मधला एक पट्टा बोटं फिरून फिरून काळपट झालेला. गावातल्या म्हशी किती फॅटला आहेत हे त्या मळक्या पट्ट्यावरूनच कळतं. सही करताना अंगठा उठवणारी बाईसुद्धा त्या कागदावर आपली चौकट बरोबर शोधून काढते.

माझा पहिला पैसे मिळवून देणारा प्रोग्राम मी अशाच एका संस्थेसाठी लिहिला, करवीर तालुक्यात, २००३ साली. कोल्हापूरच्या राजारामपुरीत आमच्या सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. पुढच्या खोलीत टायपिंग सुटलेली पोरं एक्सेल शिकायची आणि मागच्या खोलीत दोन मशिनवर आम्ही तिघं-चौघं बाहेरची कामं ओढायचो. काम सरळ होतं. सकाळ-संध्याकाळचं दूध नोंदवायचं, फॅट आणि लॅक्टोमीटरची डिग्री यांवरून एसएनएफ काढायचं, दर लावायचा, दहा दिवसांनी बिल छापायचं. म्हशीला ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ, गाईला ३.५ आणि ८.५ ही पाया धरलेली प्रत. तिथून वर गेलं की पॉईंटमागे इतके पैसे जास्त, खाली आलं की इतकी कपात.

दरपत्रकाची झेरॉक्स घरी आणली आणि व्हिज्युअल बेसिकमध्ये ‘जर’ला ‘जर’ जोडत बसलो. फॅट सहाच्या वर असेल तर. त्यात एसएनएफ नऊच्या खाली असेल तर. नाहीतर. त्यातही दूध गाईचं असेल तर. तीनशे चाळीस ओळी झाल्या. प्रत्येक ‘जर’ थोडा आत सरकलेला, त्यामुळे पडद्यावर ते सगळं पायऱ्यांच्या विहिरीसारखं खोल खोल उतरत गेलेलं दिसायचं. रात्री उशिरा त्याकडे बघून मला भारी वाटायचं. जे दुसऱ्याला कळत नाही ते सुंदर, अशी माझी तेव्हाची समजूत होती. बावीस वर्षांच्या पोराची असते तशी.

चौथ्या महिन्यात संस्थेच्या सेक्रेटरींचा फोन आला. “साहेब, एक म्हातारी येऊन बसलीया. तिचं म्हणणं, दर चुकतोय.”

गेलो. म्हातारी उंबऱ्याशी रिकामी किटली घेऊन बसली होती. हातात दोन बिलं, एक तिचं आणि एक शेजारणीच्या सुनेचं. “माझं सहा-सहा,” ती म्हणाली, “हिचं सहा-पाच. आन् दर दोघींस्नी एकच? आसं कसं रं लेकरा?”

मी तिला समजवायला लागलो की कॉम्प्युटर बेरीज-वजाबाकीत चुकत नसतो, फॅट काढतानाच काही झालं असेल. सेक्रेटरी मधेच म्हणाले, “कॉम्प्युटरचं ऱ्हाऊ द्या. भिंतीवर बघा की.”

भिंतीवर सहा-सहाचा दर वीस पैशांनी जास्त होता. म्हातारीचं दूध दहा दिवसांत चाळीसेक लिटर. म्हणजे दर बिलाला आठ रुपये.

रात्री उलगडा झाला. वरचे पॉईंट काढायला मी फॅटमधून सहा वजा करत होतो, उरलेल्याला दहाने गुणत होतो आणि अपूर्णांक टाकून देत होतो. शाळेतल्या वहीत हे बिनचूक आहे. पण कॉम्प्युटर आकडे दोनाच्या पायावर साठवतो. एक तृतीयांश दशांशात लिहायला गेलं की जसे तीनामागे तीन लागत जातात आणि शेवट येत नाही, तसं त्याचं ६.६ लिहिताना होतं. कुठेतरी तोडावंच लागतं. त्या तोडलेल्या आकड्यातून सहा गेले की ०.६ ऐवजी ०.५९९९ अशी नवांची रांग उरते, दहाने गुणून ५.९९९९, आणि माझी कात्री अपूर्णांक कापायला तयारच. सहा पॉईंटांचे झाले पाच. गंमत म्हणजे ६.५ ला काही होत नव्हतं, ६.७ ला नाही, ६.९ ला नाही. मार खात होते ते ६.१, ६.३, ६.६ आणि ६.८. म्हातारीच्या दोन्ही म्हशी फिरून फिरून सहा-सहा नाहीतर सहा-आठवर यायच्या. सबंध गावात नेमकी तिचीच दावण माझ्या चुकीच्या खुंट्याला बांधलेली होती.

सरांना कोड दाखवला. सर मूळचे उद्यमनगरातले, वडिलांचं लेथ होतं, त्यामुळे बिघडलेली वस्तू हातात घ्यायची त्यांची एक पद्धत होती: आधी काही बोलायचं नाही. त्यांनी तीनशे चाळीस ओळी खालपर्यंत सरकवल्या, परत वर आणल्या. मग म्हणाले, “भिंतीवर प्रोग्राम आधीच लावलाय की. तू दुसरा कशाला लिहिलास?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या शेजारी बसून तो सगळा डोलारा पाडला. दरपत्रक होतं तसं, चौकटीला चौकट, एका टेबलात भरलं. प्रोग्रामने करायचं ते फक्त म्हातारी करते तेवढंच: खाली इतकं यायचं, आडवं इतकं जायचं, आकडा उचलायचा. फॅट ६.६ म्हणून साठवायचं नाही, ६६ म्हणून साठवायचं. “दूधवाला कधी अपूर्णांकात बोलतो का रे? सहा-सहा म्हणतो. दोन पूर्ण आकडे.” तीनशे चाळीसच्या बावीस ओळी राहिल्या. शेवटी त्यांनी एक छोटी तपासणी जोडली. बिल छापण्याआधी तिने सगळ्या फॅटचे दर क्रमाने काढून बघायचे, आणि शेजारच्या दोन फॅटना एकच दर आला तर छपाई थांबवायची. तिला नाव काय द्यायचं, मी विचारलं. सरांनी रोमन अक्षरांत टाइप केलं: म्हातारी.

पुढच्या दरवाढीला संस्थेने मला बोलावलंच नाही. सेक्रेटरींनी स्वतः टेबल उघडून नवे आकडे भरले. माझे त्या फेरीचे पैसे बुडाले, हेही सांगून टाकायला हवं.

कोड सुंदर असतो म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं की पुस्तकी उत्तरं आधी आठवतात. डोनाल्ड कनुथ यांनी १९७४ साली ट्युरिंग पुरस्कार घेताना प्रोग्रॅमिंगला कला म्हणून भाषण केलं होतं, आणि दहा वर्षांनी असं मांडलं की प्रोग्राम माणसाने वाचायचं लेखन म्हणून लिहावा. खरं आहे. पण मला ते कळलं ते सरांनी माझ्या ‘अदर टू’ नावाच्या आकड्यावर बोट ठेवलं तेव्हा. “हे काय?” मी म्हटलं, उचल. बिलातून कापून घ्यायची आगाऊ दिलेली रक्कम. “मग उचल लिही की.” सगळी नावं बदलली. उचल, कपात, पशुखाद्य, दिवाळीचा फरक. रोमन लिपीत का होईना, पण गावाच्या तोंडचे शब्द. त्यानंतर सेक्रेटरींना मी फोनवर कोडमधली ओळ वाचून दाखवली तरी ते सांगू शकायचे की इथे कपात आधी का आली, उचल आधी पाहिजे. प्रोग्रॅमिंगचा एक तास न शिकलेल्या माणसाने माझ्या कोडमधली चूक काढली. ज्याला ही फजिती वाटत असेल त्याच्याशी या विषयावर माझं जमायचं नाही.

बावीस ओळी सुंदर आणि तीनशे चाळीस कुरूप, कारण बावीस थोड्या? पुष्कळ दिवस मी असंच समजत होतो. मग लहान कोड लिहायचं वेड लागलं. तीन ओळींचं काम एका ओळीत कोंबायचं, वाचणाऱ्याची जिरवायची. सहा महिन्यांनी ती ओळ उघडली की माझीच जिरायची. तेव्हा थोडेपणा ही गोष्ट नव्हे. काय होती, ते मला बंधाऱ्यावर सापडलं.

आमच्याकडे नदीवर जे बंधारे आहेत त्यांना सगळ्या महाराष्ट्रात ‘कोल्हापूर पद्धतीचे’ म्हणतात, सरकारी कागदात केटी वेअर. दगडी किंवा काँक्रीटचे खांब पात्रात उभे, खांबांना दोन्ही अंगांनी उभ्या खाचा. पावसाळा सरला, नदी निवळली की त्या खाचांतून आडव्या फळ्या एकावर एक सोडायच्या. जुन्या पद्धतीत फळ्यांच्या दोन रांगा आणि मधे माती ठासायची. या फळ्या म्हणजे बरगे. बरगे बसले की पाणी अडतं, उसाला मिळतं. पुढचा पावसाळा तोंडावर आला की सगळे बरगे काढून काठावर रचून ठेवायचे. पूर येतो तेव्हा नदीला आडवे फक्त खांब असतात. पाणी त्यांच्यामधून आणि वरून निघून जातं, गाळही घेऊन जातं. जूनमध्ये पेपरात ‘अमुक बंधारे पाण्याखाली’ अशी बातमी येते तेव्हा परगावचा माणूस घाबरतो. इथल्याला ठाऊक असतं की बंधारा पाण्याखाली जाण्यासाठीच बांधलेला आहे. बरगे काढायचे राहिले तर मात्र खरंच घाबरायचं. मग पाणी मागे फुगतं, बाजूची मळी कापून वाट काढतं, आणि खांब शाबूत राहून नदी दुसरीकडूनच निघून जाते.

माझ्या तीनशे चाळीस ओळींत खांब कुठला आणि बरगा कुठला हे कुणालाच सांगता आलं नसतं. दर हा बरगा होता. दूध संघाने बदलला की तो निघायला हवा, दुसरा बसायला हवा, आणि तो काढायला इंजिनियर लागू नये. बिलाचा हिशोब, म्हणजे लिटर गुणिले दर, वजा कपात, वजा उचल, हा खांब. तो पिढ्यान्‌पिढ्या हलत नाही. मी दोन्ही एकत्र ओतून एक अखंड भिंत बांधली होती. सरांनी खाच पाडली. कोडमधलं जे सौंदर्य मला अजून हलवतं ते बहुतेक वेळा असल्या खाचेचं असतं: लिहिणाऱ्याने आधीच ओळखलेलं की पूर कुठून येणार आणि काय उचलता यायला हवं. हे दिसायला काही खास नसतं. काठावर रचलेल्या फळ्यांचा फोटो कोण काढतं?

अर्थात याच्या उलट जातीचं सौंदर्यही इथेच आहे, आणि त्याच्यापुढे माझा हा सिद्धांत थोडा लटपटतो. भोगावतीवर शाहू महाराजांनी सुरू केलेलं राधानगरी धरण. त्याला सात स्वयंचलित दरवाजे. पाणी पूर्ण पातळीला पोचलं की दरवाजा पाण्याच्याच जोरावर उचलला जातो. बटण नाही, वीज नाही, रात्रपाळीचा माणूस नाही. पातळी उतरली की आपोआप मिटतो. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या प्रत्येक मोबाईलवर निरोप फिरतात, राधानगरीचा सहा नंबर उघडला, आता तीन नंबर उघडला, दरवाजातून १४२८ क्युसेक. मग लोक पंचगंगेची फूटपट्टी बघायला लागतात, राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका.

प्रोग्रामरच्या नजरेने बघितलं तर हा दरवाजा म्हणजे एकच ‘जर’ आहे, पण कसला! अट आणि कृती यांच्यामध्ये कुणी निरोप्या नाही. पाणीच मोजमाप, पाणीच ताकद. याहून नेटका कोड मी पाहिलेला नाही. त्यात उचलून बदलायला बरगाच नाही, आणि इतकी वर्षं कुणाला तो लागला नाही. कनुथ यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीची हीच जात. १९९० नंतर त्यांनी तिच्यात नवं काही घालायचं थांबवलं. दुरुस्ती झाली की आवृत्तीच्या क्रमांकात पायचा एक आकडा वाढतो, ३.१४, ३.१४१, ३.१४१५ असा. चूक दाखवणाऱ्याला ते दोन डॉलर छप्पन सेंटचा चेक लिहायचे, आणि लोक तो वटवायचे नाहीत, भिंतीवर लावायचे.

पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, हायवे बुडाला, शहर बेट झालं. तेव्हापासून राधानगरीचा दरवाजा उघडल्याचा निरोप आला की मला कौतुकाबरोबर दुसरंही काही वाटतं. खाली आधीच पूर आहे हे त्या दरवाजाला कळत नाही. उद्या ढग फुटणार म्हणून आज थोडं सोडून ठेवावं, हेही त्याला कळत नाही. त्याची पातळी येईपर्यंत तो गप्प, आली की उघडणार. जे एका अटीत इतकं चोख बसवलंय, त्यात दुसरी अट घालायची म्हटलं तर हात कुठे घालायचा? मला त्या दरवाजाला नाव ठेवायचं नाही. त्याला जे विचारलं गेलं होतं त्याचं उत्तर तो आजही बिनचूक देतो. प्रश्नच मोठा झाला.

देखण्या कोडने फसवल्याचं एक प्रसिद्ध उदाहरणही आहे. क्रमवार यादीत एखादी नोंद शोधायची तर मधोमध बघायचं, आपली नोंद त्याच्या पुढची असेल तर डावा अर्धा टाकायचा, आधीची असेल तर उजवा. शब्दकोशात आपण हेच करतो. पाठ्यपुस्तकात याच्या आठ-दहा ओळी असतात, इतक्या सुबक की पोरं पाठ करतात. जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या लायब्ररीत त्या ओळी नऊ वर्षं वापरात होत्या आणि २००६ मध्ये त्या लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच जाहीर केलं की त्यात चूक आहे. मध्य काढायला दोन टोकांची बेरीज करून दोनने भागायचं. यादी प्रचंड असली की ती बेरीजच भांड्यात मावत नाही, उतू जाते आणि ऋण होते. दोनशे चौदा कोटींच्या पुढे. कुणाच्या हाताशी तेवढी मोठी यादी नव्हती म्हणून कुणाला दिसलं नाही. आमच्या म्हातारीने मात्र चार महिन्यांत पकडलं असतं, असं मला उगाचच वाटतं. तिने दोन बिलं शेजारी शेजारी धरली होती. एवढंच केलं होतं तिने.

एका गोष्टीबद्दल मात्र मला कधीच शंका आली नाही. शाळेत मसावि शिकवतात. २५२ आणि १०५. मोठ्याला लहानाने भागा, बाकी ४२. आता १०५ ला ४२ ने, बाकी २१. ४२ ला २१ ने, बाकी शून्य. मसावि २१. युक्लिडच्या ग्रंथात हे आहे म्हणून त्याचं नाव लागलं; आपल्याकडे याच भागाकाराच्या साखळीवर आर्यभटाने आणि पुढे लीलावतीत भास्कराचार्यांनी समीकरणं सोडवली, त्या रीतीला नाव कुट्टक. कुटणं. आकडे कुटत कुटत बारीक करत न्यायचे. उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या बायका डंकावर कांदा-लसणाची चटणी करून आणतात, तिथे उभं राहिलं की मला हमखास हा शब्द आठवतो. तोच ठोका, तेच पुन्हा पुन्हा, प्रत्येक वेळी आधीपेक्षा बारीक आणि म्हणूनच कधीतरी संपणार याची खात्री. कोडमध्ये हे दोन-तीन ओळींत येतं. त्यात बरगा नाही, गरजही नाही, कारण पूर तिकडे फिरकणार नाही; भागाकार म्हणजे काय हे बदलेपर्यंत ते बदलायचं नाही. असं फार थोडं असतं. आमच्या पोटापाण्याच्या कोडमध्ये तर जवळजवळ नाहीच. आमचं सगळं दर, कपाती, शासन निर्णय, नवे फॉर्म. सगळे बरगे.

आणि कुरूप कोडबद्दल एक शब्द चांगला बोललाच पाहिजे. सरांनी स्वतः १९९० च्या सुमारास एका दुकानदारासाठी लिहिलेला हिशोबाचा प्रोग्राम मी नंतर पाहिला. नावं एकेका अक्षराची, उड्या मारत जाणारा, कुठून कुठे जातो कळत नाही. पंचवीस वर्षं तो चालला. त्यावर दुकानदाराच्या दोन मुलींची लग्नं झाली. मी सरांना चिडवायला गेलो तर ते म्हणाले, “तेव्हा मेमरी एवढीशी होती. आणि तो उघडणारा मी एकटाच होतो.” म्हणजे त्यांना माहीत होतं. जो कोड दुसरा कुणी उघडणार नाही तो कसाही असला तरी चालतो. अडचण इतकीच, की असा कोड कुठला हे लिहिताना कळत नाही.

सर आता नाहीत. राजारामपुरीतल्या त्या खोलीत मोबाईलच्या काचा बसवून मिळतात. दूध संस्थेत फॅट आता मशिन मोजतं, आकडा आपोआप कॉम्प्युटरवर जातो, पैसे खात्यावर जमा होतात. आमचा तो प्रोग्राम तीन हातांतून गेला आणि शेवटी एका मोठ्या शहरातल्या कंपनीकडे पोचला, तिथे त्याचं इंटरनेटवर चालणारं नवं रूप तयार होत होतं. गेल्या हिवाळ्यात तिथल्या एका मुलाचा फोन आला. कोडच्या माथ्यावरच्या टीपेत माझा नंबर होता, म्हणे. आवाजावरून सांगली-मिरजेकडचा.

“सर, जुन्या कोडमध्ये एक म्हातारी नावाचं फंक्शन आहे. ते नेमकं काय करतं?”

मी सांगितलं. दोन शेजारच्या फॅटना एकच दर आला तर बिल अडवतं.

“पण त्याने कधी काही अडवल्याची नोंद दिसत नाही. वीस वर्षांत एकदाही नाही. म्हटलं काढून टाकावं.”

“दर कुठून घेता नव्यात? टेबल तसंच ठेवलंय का?”

“नाही सर, टेबल फार मोठं होतं. आम्ही सूत्रच बसवलंय. एआयकडून सुटसुटीत करून घेतलं. फॅट वजा सहा, गुणिले दहा. चार ओळींत झालं सगळं. फार सुंदर दिसतंय.”

मी म्हटलं, काढायचं तर काढ. फक्त त्याआधी म्हातारीला एकदा त्या चार ओळींवर चालवून बघ.

पलीकडून कीबोर्डचा आवाज आला. मग काहीच आवाज येईना.

“थांबा हं सर,” तो म्हणाला.